मागच्या खोलीतला भोंगा

मागच्या खोलीत काय काय लागेल याची यादी मी एका दुपारी बसून केली. संगणक दोन. त्यांना जोडणारी वायर, बाजाराच्या आवारात आहे तेवढ्याच लांबीची. ॲम्प्लिफायर एक, मंडपवाल्याकडून. भोंगा एक, तोही त्याच्याकडूनच. भोंग्याच्या तोंडात कोंबायला जुनी गोधडी. दोन रकान्यांची वही. दोन दिवसांत सगळं जमलं आणि प्रत्येक ओळीपुढे मी खूण केली. यादी पुरी झाली की मला बरं वाटतं, तेव्हाही वाटलं. ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यात काय लिहायचं राहिलं हे आता माहीत असून उपयोग नाही.

हिंगोलीत माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उघडलं तेव्हा बारा यंत्रं होती. पुढे पोरं टायपिंगला येईनाशी झाली, त्यांना संगणक हवा होता. मी चार संगणक आणले, पुस्तकं आणली, आणि पोरांच्या एक धडा पुढे राहत स्वतः शिकले. दोन हजार सालानंतर दुकानदारांच्या मालाच्या याद्या ठेवणारे छोटे प्रोग्रॅम मी लिहून देऊ लागले. अशा कामाला चिकाटी लागते आणि नीट नोंद लागते. दोन्ही माझ्याकडे होतं, निदान तेव्हा तसं वाटायचं.

गावाबाहेर व्यापाऱ्यांच्या एका संस्थेचं बाजाराचं आवार होतं. हळद, सोयाबीन, हरभरा यायचा. तिथला रिवाज असा, की सौदा ओट्याओट्यानं पुढे सरकतो आणि आपल्या ढिगापाशी शेतकरी उभा नसेल तर त्याचा नंबर जातो. मग दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम. माणूस चहाला गेलेला असतो, झाडाखाली आडवा झालेला असतो. त्याला उठवतो तो भोंगा. आणि भोंगा होता मास्तरांच्या हातात.

मास्तर जन्मापासून आंधळे. कधीकाळी पोरांना पेटी शिकवायचे म्हणून मास्तर. शिरड शहापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज सकाळी एस्टीनं यायचे, काठी न टेकता ओटे मोजत आपल्या खोलीत जायचे. खोलीत एक ॲम्प्लिफायर, एक टेपरेकॉर्डर, एक माइक. कॅसेटींच्या कडेला त्यांनी ब्लेडनं खाचा पाडल्या होत्या. एक खाच म्हणजे सकाळचे अभंग, दोन म्हणजे सौदा सुरू, तीन म्हणजे काट्याकडे या. बोट फिरवलं की कॅसेट हातात. पंधरा वर्षांत त्यांनी चुकीची कॅसेट लावली असं कुणी सांगितलं नाही.

मग संस्थेला नवे अध्यक्ष आले. त्यांना आवाराच्या तिन्ही भागांत वेगवेगळे भोंगे हवे होते, आणि ते सगळे आपल्या टेबलावरूनसुद्धा चालवता यायला हवे होते. ते काम माझ्याकडे आलं. मी केलं ते असं: एका खोलीत ॲम्प्लिफायरांना जोडलेला संगणक, त्यात घोषणा भरलेल्या. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर ब्राउझर उघडायचा, एक पान दिसतं, पानावर बटणं. बटण दाबलं की पलीकडचा संगणक ती घोषणा त्या भागातल्या भोंग्यावर वाजवतो. घोषणा मास्तरांच्याच आवाजात भरल्या. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"आता आवाज भरून झाला," अध्यक्ष म्हणाले, "तर मास्तरांचं काय काम उरलं?"

मी म्हणाले, पान मास्तरच चालवतील.

"बाई, त्यांना पान दिसणार कसं?"

"दिसायची गरज नाही. मी आकड्यांच्या कळांवर बसवून देते. पहिला आकडा भोंग्याचा, दुसरा घोषणेचा."

अध्यक्षांनी एक महिना दिला. महिनाभर नीट चाललं तर मास्तर राहतील, नाहीतर ऑपरेटर ठेवू. हे बोलणं मास्तरांच्या समोरच झालं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "अक्का, तुमी माजी जमानत घेतली बरं. आता पळून जाता येणार न्हाई."

त्यांना कळा शिकवायला मला एक तास लागला. आकड्यांच्या पाचवर एक बारीक उंचवटा असतो. तो बोटाला लागल्याबरोबर ते हसले. "इथं तर आदीच कुणीतरी खाच पाडून ठिवली की वो! माज्यासारका कुणीतरी बसला असंल तिकडं." संध्याकाळपर्यंत ते माझ्यापेक्षा वेगानं घोषणा लावत होते. संगणकाचा पडदा त्यांनी बंद करून टाकला. उगाच कशाला वीज जाळायची, म्हणाले. ते मला बरोबर वाटलं. मीच त्यांना पडद्याचं बटण दाखवलं.

पहिले सहा दिवस सुरळीत गेले. सातव्या दिवशी भोंगा मुका झाला. मास्तरांनी कळा दाबल्या, काहीच वाजलं नाही. शेवटी ते ओसरीवर येऊन उघड्या गळ्यानं ओरडले, "सात नंबरचा ओटा, चला हो!"

हमालांना तेवढंच पाहिजे होतं. "मास्तर, काम्प्युटरला बी दम लागला का? का तुमीच डोळा लावला व्हता?"

"माजा डोळा कवा उगडा व्हता का लावायला? तुजं पोतं बघ, सांडून राह्यलं."

अर्ध्या तासानं संस्थेचा कारकून खोलीत गेला, पडदा लावला, बटण दाबून पाहिलं. वाजलं. "चालूच आहे की," तो म्हणाला. मीही गेले. मी पोचेपर्यंत खरंच चालू होतं.

हे त्या आठवड्यात आणखी दोनदा झालं. एकदा माझ्यासमोर झालं असतं, पण मी पडदा लावून बसले आणि माझ्या हातानं सगळं वाजलं. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. "तुमी आल्या की शाणं व्हतंय," ते म्हणाले. "माज्याशीच वाकडं हाय त्याचं."

तेव्हा मी इन्स्टिट्यूटची मागची खोली लावायला घेतली. पुस्तकात सांगितलं होतं की चालू यंत्रावर चूक शोधू नये. तसंच दुसरं उभं करावं, सगळं तंतोतंत तेच ठेवावं, आणि चूक तिथं घडवून आणावी. चूक आपल्या हातानं घडवता आली की ती अर्धी सुटली. मी ते अक्षरशः केलं. मास्तरांच्या संगणकाच्या हार्डडिस्कची पूर्ण नक्कल करून आणली, तिच्यात जे काही होतं त्यासकट. त्यांच्या संगणकाला स्पीकर नव्हता, कारण आवाज पलीकडच्या खोलीतून जायचा, म्हणून इथेही लावला नाही. कळफलक त्याच बनावटीचा. शिवाय दोन्हीकडे मी एक नोंद ठेवायला लावली. पानावर कुठलीही कळ दाबली की ती वेळेसकट पलीकडच्या संगणकात लिहिली जायची. बाजारात कधी काय दाबलं, ते दुसऱ्या दिवशी कागदावर छापून घेता येणार होतं.

मग रोज सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी आणि दुपारी पोरं गेल्यावर मी त्या खोलीत बसायचे. एक-चार. दोन-सहा. तीन-एक. गोधडीतून मास्तरांचा आवाज यायचा, विहिरीतून आल्यासारखा: "शेतकरी बांधवांनो, आपापल्या मालापाशी उभे राहा." वहीत डाव्या रकान्यात काय दाबलं, उजव्यात वाजलं की नाही. उजव्या रकान्यात 'वाजलं' सोडून दुसरा शब्द आला नाही. लोडशेडिंगच्या आधी, नंतर, वीज हेलकावे खात असताना, वायर थोडी सैल करून, संगणक तापवून, सगळं करून पाहिलं. हळदीची धूळ आत जात असेल म्हणून मास्तरांचा संगणक उघडून पुसला. पिवळाधमक निघाला होता. पुसल्यावरही तो तिसऱ्या दिवशी मुका झाला.

महिना पुरा व्हायला चार दिवस उरले असताना एका तांड्यावरच्या बाईचा नंबर गेला. नवरा आजारी, म्हणून ती एकटी टेम्पोत हळद घालून आली होती. काट्याजवळच्या नळावर पाणी प्यायला गेली, भोंगा वाजला नाही, सौदा तिच्या ढिगावरून पुढे निघून गेला. मास्तर ओसरीवरून ओरडले, पण काट्यापर्यंत तो आवाज जात नाही. ती अध्यक्षांच्या खोलीत उभी राहून बोलली, आणि तिचं काहीच चुकीचं नव्हतं. घरी तापलेला माणूस आणि इथं रात्रभर हळदीची राखण.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी आदल्या दिवसाच्या नोंदीचा कागद छापून घेऊन गेले. कागद नेल्याशिवाय मी कुठे जात नाही.

"बाई, कागद काय म्हणतो?" अध्यक्षांनी विचारलं.

मी वाचलं. अकरा वाजून दहा मिनिटं ते अकरा पन्नास, या वेळात एकही कळ दाबलेली नाही.

मास्तर भिंतीशी उभे होते. "दाबली," ते म्हणाले.

"किती वेळा?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजलं न्हाई. बोट दुकंस्तोर दाबली."

"मास्तर, मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय बढती पाहिजे का?"

दोघंतिघं हसले. मास्तरांनी आवाज चढवला नाही. माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "अक्का, तुमी सांगा. मी दाबली."

मी म्हणाले, "मास्तर, कागदावर नाही."

एवढंच म्हणाले. खरं तर मला दुसरंही एक वाक्य माहीत होतं, पुस्तकातलंच. नोंदीत तेवढंच येतं जे नोंदीपर्यंत पोचतं. न पोचलेल्याबद्दल नोंद काहीही सांगू शकत नाही. ते वाक्य मी तिथं बोलायला हवं होतं. पण दोन आठवडे माझ्या खोलीत सगळं वाजत होतं, वहीत पानामागून पान 'वाजलं' लिहिलेलं होतं, आणि मनातून मलाही वाटू लागलं होतं की मास्तरांना मध्येच डुलकी लागत असेल. वय झालं होतं, पहाटे उठून एस्टीनं यायचे. कागदावर माझा विश्वास होता. त्यांच्यावरही होता, पण कागदानंतर.

मास्तरांनी त्याच दिवशी आपल्या कॅसेटी पिशवीत भरल्या. निघताना खोलीच्या दाराशी थांबून त्यांनी मला विचारलं, "काम्प्युटरात माजा आवाज हाय तो काढनार का ठिवनार?"

मी म्हणाले, राहील.

"राहू द्या. त्याला एस्टीचं तिकीट लागत न्हाई."

नवा ऑपरेटर आला. तो पडदा लावून बसायचा. भोंगा एकदाही मुका झाला नाही. अध्यक्षांनी मला बोलावून मुद्दाम सांगितलं, "बघा बाई, चूक यंत्रात नव्हतीच." मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मागची खोली मी लगेच मोडली नाही. मंडपवाल्याला भोंगा लग्नसराईपर्यंत नको होता आणि मला त्या पानात आणखी घोषणा बसवायच्या होत्या. दीडएक महिन्यानंतरची गोष्ट. दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झालेली, म्हणून ती पुरावी या हिशोबानं मी पडदा बंद केला आणि नुसत्या कळांवर काम चालू ठेवलं. एक-चार. वाजलं. दोन-दोन. वाजलं. चहा करायला उठले, पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन बसले. तीन-एक.

काही वाजलं नाही.

पुन्हा दाबलं. गोधडी गप्प. त्या खोलीत पहिल्यांदाच. मी पाच-सहा वेळा दाबलं, मग पडदा लावला. पानाच्या वर, मधोमध, एक छोटी चौकट उभी होती. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमची. मुदत संपली आहे, आता नवीन घ्यायचा की नंतर आठवण करायची. माझा हात माउसकडे गेला आणि 'नंतर' दाबून मोकळा झाला. तीन-एक. वाजलं.

तेव्हा मला माझा हात दिसला.

चौकट समोर असेपर्यंत सगळ्या कळा तिच्याकडे जायच्या. आकडे तिला कळत नाहीत, ती ते गिळून गप्प बसायची. पानापर्यंत काही पोचायचं नाही, म्हणून नोंदही व्हायची नाही. ती चौकट माझ्या खोलीतही आली असणार, त्या दोन आठवड्यांत कितीतरी वेळा, नक्कल केलेल्या डिस्कमधूनच तर आली होती. प्रत्येक वेळी मी ती पाहिली होती आणि चेहऱ्यावरची माशी हाकलावी तशी हाकलली होती. कारकुनानंही हाकलली, नव्या ऑपरेटरनंही. कुणालाच सांगण्यासारखी वाटली नाही. मी वही पहिल्या पानापासून उलटून पाहिली. कुठंही तिचा उल्लेख नव्हता. शिंकेची नोंद कोण करतं?

टायपिंग शिकवताना मी पोरांच्या हातांवर फडकं टाकायचे. कळा बघायच्या नाहीत, बोटांना शिकू द्या. पंधरा-सोळा वर्षं हेच सांगितलं. ते फडकं तिथंच खुंटीला होतं, पडद्यापासून दोन हातांवर. मास्तरांच्या खोलीची नक्कल करताना मी वायरसुद्धा मापून आणली, आणि डोळे मात्र माझे ठेवले.

इलाज होता एका कळेचा. डाव्या कोपऱ्यातली सगळ्यात वरची कळ. घोषणेआधी ती एकदा दाबली की चौकट असेल तर जाते, नसेल तर काही बिघडत नाही. कोपऱ्यातली कळ. आंधळ्या माणसाला सापडायला त्याहून सोपी जागा कळफलकावर नाही.

मी सगळं मुद्देसूद लिहून अध्यक्षांकडे नेलं. त्यांनी वाचलं, कागद परत माझ्याकडे सरकवला. "बाई, झालं ते झालं. आता पोरगं नेमलंय, चांगलं चाललंय. त्याला काढून मास्तरांना आणू? आणि त्या बाईला काय सांगू, की चूक आमची होती?"

"हो," मी म्हणाले.

ते हसले. रागावले नाहीत. माझ्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी एस्टीनं मास्तरांच्या गावाला गेले. घर गावाच्या टोकाला, मागे ज्वारी उभी. कणसं भरली होती. शेतावर या काठीपासून त्या काठीपर्यंत तपकिरी फिती ताणलेल्या होत्या, उन्हात चमकत होत्या, वाऱ्यानं भुणभुणत होत्या. पाखरं त्या आवाजाला भितात. जवळ गेल्यावर कळलं की त्या कॅसेटीतल्या फिती आहेत. ओसरीवर रिकाम्या कॅसेटींचा ढीग पडला होता, कडेला खाचा पाडलेल्या.

मास्तर बाजेवर बसले होते. पावलांवरून ओळखलं. "अक्का? बसा. ऐकू येतं का? सगळे अभंग एकदम चालू हायेत."

मी त्यांना सगळं सांगितलं. चौकट कशी यायची, कळा कुठे जायच्या, नोंद का झाली नाही. मास्तर म्हणाले, "मंग कोन्ती कळ दाबायची व्हती?"

कळफलक नव्हता. बाजेवर त्यांचा पत्र्याचा डबा होता. मी त्यांचं बोट धरून डब्याच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. "इथं."

त्यांनी ते बोट तिथंच ठेवलं. दोनदा हलकेच दाबलं.

"तुमी तो कागद वाचला ना," ते म्हणाले, "त्यानंतर मलाबी वाटाया लागलं, की दाबलंच नसंल. बसल्या बसल्या झोप लागली असंल आन् सपनात दाबलं असंल. रोज तेच इचार. बोटावर भरोसा ऱ्हायला न्हाई. पेटीला हात लावला न्हाई तवापासून."

मी म्हणाले, "तुम्ही दाबलं होतं मास्तर. चूक माझी होती."

"हे तिथं सांगितलं का?"

"सांगितलं."

"मंग?"

मी अध्यक्षांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मास्तरांनी डब्यावरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"मंग मला काहून सांगाया आल्या, अक्का?"

माझ्या पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. त्यात सात मुद्दे होते, आणि हे त्यात नव्हतं. आतून त्यांच्या भावजयीनं चहा आणून ठेवला. परतीच्या एस्टीला तासभर होता. तो तास आम्ही दोघं ओसरीवर बसून होतो आणि ज्वारीवरच्या फिती वाजत होत्या.

बाजारात अजून मास्तरांच्याच आवाजात सौदा पुकारतात. मी त्या रस्त्यानं जाणं टाळते.